तिने मीठ मागितलं होतं

माझ्या बायकोच्या नावाचं रक्त शहरातल्या एका मोठ्या मेडिकल कॉलेजच्या फ्रीजमध्ये ठेवलेलं आहे. ते रक्त तिचं नाही. तिच्या बहिणीचं आहे, आणि ते तिथं मी पाठवलं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना मी कुणी भला माणूस आहे असं वाटायचं.

आमचा पाडा नवापूरच्या वर, गुजरातच्या हद्दीला लागून. चौदा घरं, एक प्रार्थनेची खोली, खाली तीन किलोमीटरवर शाळा. गाडी शाळेपर्यंतच येते. भात, नागली पिकते तेवढी पिकते, बाकी मजुरी. मी खाली कोंबड्यांच्या शेडवर कामाला होतो. एकवीस सालच्या सुरुवातीला कोंबड्यांत रोग आला, सगळ्या मारून खड्ड्यात पुरल्या, आणि आम्ही घरी बसलो. कोंबड्यांचा रोग तपासायला पांढऱ्या कपड्यातली माणसं दुसऱ्याच दिवशी हजर होती. एप्रिलमध्ये माणसांचा रोग पाड्यावर आला, तेव्हा तपासायला यायला त्यांना नऊ दिवस लागले. तोवर आम्ही दोन म्हातारे पुरले होते.

प्रिस्किला, माझी बायको, अकरा दिवस तापली आणि उठली. चौतीस वर्षांची होती. भात लावताना माझ्या दोन ओळी व्हायच्या तोवर तिच्या तीन व्हायच्या, आणि वर मागे वळून म्हणायची, "दानियल, तू लावतोस का पेरतोस?" आमच्यात बायको नवऱ्याला तूच म्हणते. ती उठली म्हणून रविवारी सगळ्यांनी देवाचे आभार मानले. ती ताकदीने गायलीसुद्धा. आम्हाला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. खाल्लेलं पोटात टिकेना. भाकर खाल्ली की अर्ध्या तासात तांब्या घेऊन पळायची. मग अंग उतरायला लागलं. मग ती काळी पडायला लागली. आम्ही काळेच, पण हा रंग वेगळा होता, धूर बसल्यासारखा. हिरड्या काळ्या, कोपरं काळी, तळहातावरच्या रेषा तर कोळशाने ओढल्यासारख्या. शेजारचा चिंधाबाबा, पाड्यातला सगळ्यात म्हातारा, तिचा हात धरून बघायचा आणि म्हणायचा, "पोरी, देवाने तुझ्या नशिबाच्या रेषा परत गिरवल्या बघ. आता शंभर वर्षं मरत नाहीस." ती हसायची. आम्ही सगळेच हसायचो.

एका रविवारी गाण्यासाठी सगळे उभे राहिले, तशी तीही राहिली, आणि उभी होती तिथंच कोसळली. त्यानंतर ती बसूनच गायची.

आणि मीठ. ती मीठ खायला लागली. कालवणात नाही, नुसतं. चुलीशेजारी खड्याच्या मिठाचा पत्र्याचा डबा असायचा. येता-जाता हात घालायची, खडा तोंडात टाकायची, पोरं गोळी चघळतात तसा चघळायची. पदराच्या गाठीत खडे बांधून ठेवायची. मी ते पारुबाईला सांगितलं.

पारुबाई आमची आशाताई. माहेर रनाळ्याचं, लग्न होऊन वर आमच्यात आली, वीस वर्षं झाली तरी बोलणं माहेरचंच. बाळंतपणं, लसी, ताप, सगळं तिच्याकडेच. कोरोनात एकटी घरोघर फिरली ती. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण त्या दिवशी ती म्हणाली, "मीठ बंद कर तिन्हं. मीठघाई सूज येस, बीपी वाढस. आमले ट्रेनिंगमा सांगेल शे."

ट्रेनिंगमध्ये सांगितलंय म्हटल्यावर मी डबा उचलला आणि वर आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या टोपलीत ठेवला. भरलेला डबा, नुकताच बाजारातून आणलेला. प्रिस्किला भिंतीला टेकून बघत होती.

"एक चिमूट तरी दे."

"नाही. ताई नको म्हणाली."

"तुझ्या बापाचं आहे का रे ते? समुद्राचं आहे."

"मग समुद्राकडं माग."

हे मी बोललो. असं बोललेलं नंतर विसरता येत नाही.

भात कापून झाल्यावर, नोव्हेंबरात, शहरातल्या मेडिकल कॉलेजची माणसं आली. कोरोना होऊन गेलेल्यांना तपासायचं होतं. आदल्या दिवशी डॉक्टर यामिनी नावाच्या बाई स्वतः तीन किलोमीटर चढून पाड्यावर आल्या, घाम पुसत ओट्यावर बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. म्हणाल्या, हा आजार फुप्फुसातच राहतो असं नाही, आतड्यातही जातो. आपल्या आतड्यात कोट्यवधी बारीक जंतू राहतात, चांगले जंतू. आंबील आंबवतात ना, तशातले. ते अन्न पचवतात, रोगाशी भांडतात.

चिंधाबाबा म्हणाला, "म्हणजे पोटात पण पाडाच आहे म्हणा की."

"हो बाबा, पाडाच."

"मग तिथला पोलीस पाटील कोण?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "पोलीस पाटील माहीत नाही, पण निरोप्ये आहेत. अंगात ग्रंथी असतात, त्यांचे रस रक्तातून निरोप नेतात. भूक लागू दे, झोप येऊ दे, ताप आला तर टिकून राहा, असे निरोप. पोटातल्या पाड्याचं आणि या निरोप्यांचं आपसात बोलणं चालतं. कोरोना त्या पाड्यातून गेला की काही घरं ओसाड पडतात, काहींचे निरोप चुकतात, असं दिसतंय. अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही. म्हणून तर तपासायचंय."

मग त्यांनी प्रत्येकाच्या हातात झाकणाची एक प्लास्टिकची डबी दिली आणि तिच्यात काय आणायचं ते सांगितलं. बायका पदर तोंडात कोंबून वाकल्या.

चिंधाबाबा डबी उन्हात धरून बघत म्हणाला, "सरकारने आमचं साग नेलं, बांबू नेला, पोरं नेली मजुरीला. एवढंच राहिलं होतं. न्या बाबा, हेही न्या."

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मला त्या आवडल्या होत्या. आजही मी त्यांना शिव्या देत नाही, त्यांच्या वहीला देतो. त्या वहीत नाव आणि नंबर होता, चेहरा नव्हता.

डबी सकाळी द्यायची आणि रक्तही सकाळीच, उपाशीपोटी, आठच्या आत, खाली शाळेत. उशीर झाला तर चालणार नाही, ते सकाळचंच लागतं, आणि गाडी बर्फाची पेटी घेऊन नऊला निघणार. ज्याच्या तपासणीत काही निघेल त्याला शहरात नेऊन फुकट उपचार. हे ऐकून प्रिस्किलाने माझा हात दाबला. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की पोटाचा, ताकदीचा आणि त्या तापाचा काही संबंध असू शकतो. रात्री ती म्हणाली, "मला घेऊन जातील, बघ. बरी होऊन येते, मग तुझ्या चार ओळी आणि माझ्या सहा."

सकाळी ती उठली, उंबऱ्यापर्यंत आली आणि खाली बसली. डोळे फिरलेले. पाणी पाजलं, परत उभी केली, परत बसली. तीन किलोमीटरचा उतार. खाटेवर घालून न्यायला चार माणसं लागतात, आणि पाड्यातली माणसं तर पहाटेच शाळेकडं निघून गेलेली. मी म्हटलं, पाठीवर घेतो. दहा पावलं गेलो, ती माझ्या खांद्यावर ओकली. सात वाजून गेले होते. पारुबाई यादी घेऊन धावत वर आली.

"अजून घरमाच? दानियलभाऊ, तिन्हं नाव कटी जाई!"

आता इथं थांबून एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर शहरातला माणूस म्हणेल हे किती अडाणी. आमच्यात घरातलं एक माणूस पडलं की दुसरं त्याच्या जागी जातं. लावणीला बायको तापली तर तिची बहीण जाते. रस्त्याच्या कामावर नवऱ्याचं नाव असतं, टोपली भाऊ उचलतो. घराचा हात आला की झालं, कुणी विचारत नाही. आणि सरकारने आम्हाला दुसरं काय शिकवलंय? रेशनला नाव लागतं. घरकुलाला नाव लागतं. नाव कटलं की माणूस जिवंत असून मेला. माणूस नसला आणि नाव असलं तर चालतं. तीस वर्षं हेच बघितलं मी.

रिबेका दारात उभी होती. प्रिस्किलाची धाकटी बहीण. घर आमच्या घराला लागून, नवरा विनोद गुजरातेत कामाला. तिला तो ताप आलाच नव्हता, म्हणून यादीत नव्हती. उंची तीच, बांधा तोच, आजारपणाआधीची प्रिस्किलाच.

पारुबाई म्हणाली, "रिबेकाले धाडा. तोंडवर मुखपट्टी शे, कोन वळखस?"

रिबेका म्हणाली, "पण रक्त ताईचं पाहिजे ना?"

मी म्हटलं, "एका आईच्या पोटच्या तुम्ही. रक्त एकच की. जा. नाव राहू दे यादीत, नाव राहिलं की पुढचं बघता येईल."

मी. हे मी म्हटलं. पारुबाईने वाट दाखवली, पण ढकललं मी.

रिबेका पळतच खाली गेली. जाताना डबीही तिनेच भरून नेली. परत आली तेव्हा दंडावर कापसाचा बोळा होता. प्रिस्किलापुढं बसून म्हणाली, "ताई, तुझ्या नावाने सुई खाऊन आले. आता तू माझ्या नावाने कोंबडी कापायची." दोघी हसल्या. प्रिस्किलाने तिच्या दंडावरून हात फिरवला. काळ्या रेषांचा हात.

जानेवारीत रिपोर्ट आला. दोन कागद, सगळं इंग्रजीत. फेब्रुवारीत प्रिस्किलाला खाटेवर खाली उतरवली आणि मी, ती आणि पारुबाई तो घेऊन दवाखान्यात गेलो. कुठला दवाखाना ते लिहीत नाही, सगळीकडे तीच खुर्ची आणि तीच घाई. डॉक्टर तरुण होता, बाहेर शंभर माणसं. त्याने प्रिस्किलाचं ऐकलं, बीपी मोजलं, कमी आहे म्हणाला, कपाळाला आठ्या घालून परत मोजलं. मग तिच्या तळहाताकडे बघितलं. बघितलं त्याने, ते मी विसरणार नाही. काहीतरी विचारणारच होता, तेवढ्यात मी रिपोर्ट पुढे केला.

त्याने तो वाचला आणि त्याच्या आठ्या गेल्या.

"हे तर सगळं व्यवस्थित आहे. ग्रंथींचे रस, पोटाची तपासणी, सगळं. एवढ्या मोठ्या कॉलेजने केलंय, मी आणखी काय तपासू? अशक्तपणा आहे. मनानेही घेतलंय त्यांनी. टॉनिक देतो."

प्रिस्किला माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. मला माहीत होतं. पारुबाईला माहीत होतं. तिने टेबलाखालून माझी बाही ओढली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "बोलू नका, दानियलभाऊ. मन्हं काम जाई."

एकच वाक्य होतं. डॉक्टर, हे रक्त हिचं नाही. एवढंच. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पारुबाईचं काम जाईल म्हणून, डॉक्टर ओरडेल म्हणून, बाहेर शंभर माणसं आहेत म्हणून. आणि खरं सांगायचं तर, रिपोर्ट चांगला आहे हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं म्हणून. कागद खोटा आहे हे माहीत असूनसुद्धा. माणूस इतका मूर्ख असतो.

बाहेर आल्यावर प्रिस्किला म्हणाली, "रिबेका तब्येतीने चांगली आहे म्हणायची." आणि वाटेवर पुढे चालू लागली. चार पावलं चालली, बसली.

एप्रिलमध्ये पाड्यावर लग्न होतं. जेवणात काय बिघडलं कोण जाणे, अर्ध्या पाड्याला हगवण लागली. चिंधाबाबालाही लागली, ऐंशीच्या वरचा म्हातारा. सगळे एक दिवस झोपले, दुसऱ्या दिवशी उठले. प्रिस्किला दुसऱ्या दिवशी दुपारी मेली. खाटेवर घालून आम्ही चौघे उतारावरून पळत होतो. शाळेचं छप्पर दिसलं तेव्हा मी वाकून म्हटलं, "आलोच." ती म्हणाली, "तोंड कोरडं पडलं." त्यानंतर काही बोलली नाही.

हगवणीने गेली, असं लिहिलं. पाड्यानेही तेच मान्य केलं. पण हगवणीने म्हातारा वाचतो आणि पस्तीशीची बाई जाते, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी बोलण्यात किती शूर ते वर सांगितलंच आहे.

नोव्हेंबरात यामिनीबाई परत आल्या, दुसऱ्या वेळच्या तपासणीला. तोंडावर आता मुखपट्टी नव्हती. ओट्यावर बसून नावं वाचायला लागल्या. नवव्या नंबरला थांबल्या.

"प्रिस्किला दानियल?"

चिंधाबाबा म्हणाला, "ती गेली. एप्रिलमध्ये."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी पानं मागं उलटली. "पण यांचं तर सगळं नॉर्मल होतं. कशाने गेल्या?"

आणि मग मी बोललो. ती गेल्यावर सात महिन्यांनी बोललो, पण चौदा घरांच्या समोर बोललो. "बाई, ते रक्त तिचं नव्हतं. हिचं होतं," आणि रिबेकाकडे बोट केलं. "डबी पण हिचीच. मी पाठवलं."

पारुबाई पुढं आली. "मन्ही चूक शे, मॅडम. यादी मी भरी व्हती. काम काढी ल्या मन्हं, पन आते मन्हाघाई हाई पोटमा ठेवाई नही ऱ्हायनं."

मला वाटलं बाई ओरडतील. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी वही बाजूला ठेवली. त्यांनी मला एकेक विचारायला सुरुवात केली. वजन? रंग? हिरड्या? उभं राहिलं की चक्कर? मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो आणि प्रत्येक होबरोबर त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी त्यांनी विचारलं,

"मीठ मागायच्या का त्या?"

मी काही बोलायच्या आत रिबेका फुटली. असं रडणं मी मयतीच्या दिवशीसुद्धा ऐकलं नव्हतं.

"मी दिलं! मी दिलं तिला! दाजी मजुरीला गेले की मी टोपलीतून डबा काढायचे. नको म्हणून सांगितलं होतं तरी द्यायचे. ती हात जोडायची हो माझ्यापुढं. पाड्यावरच्या लग्नाच्या आधी विनोद न्यायला आला म्हणून मी पंधरा दिवस गुजरातेत गेले, पण तोवर रोज दिलं. मीच तिला मीठ घालून मारली!"

सात महिने ती हे एकटी घेऊन फिरत होती. शेजारच्या घरात. रोज मला भाकर वाढत होती.

यामिनीबाई उठल्या, तिच्यापुढं उकिडव्या बसल्या. "रिबेका, ऐक. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. अंगात मीठ-पाणी धरून ठेवायचं, आजारपणात टिकायचं, ते काम तिचं. तुझ्या ताईची ती ग्रंथी बहुतेक बंद पडत आली होती. कोरोनाने पडली की आणखी कशाने, ते आता मला सांगता येणार नाही. पण अंगातून मीठ वाहून जात होतं, म्हणून ती मागत होती. तू देत होतीस म्हणून ती एवढे महिने जगली. समजलं? तू तिला मारलं नाहीस. तू तिला जगवत होतीस."

रिबेकाने वर बघितलं. बाईंनी दोनदा, तीनदा तेच सांगितलं. मग ती त्यांच्या खांद्यावर कोसळली.

मी विचारलं, "उपचार होता?"

बाई माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या. "रोजची गोळी," म्हणाल्या. "साधी असते. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. आणि आजारी पडलं की जास्त घ्यायची." मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी वर यायला हवं होतं. यादीतला एक माणूस का उतरत नाही, ते बघायला. नऊला निघायचं होतं आम्हाला."

घाई त्यांची, भीती पारुबाईची, मिटलेलं तोंड माझं. फक्त रिबेकाने मीठ दिलं.

मी घरात गेलो. आढ्याखाली उभा राहून टोपली ओढली, डबा खाली काढला. हलका लागला. मी ठेवला तेव्हा काठोकाठ भरलेला होता. झाकण उघडलं तर तळाशी चार-पाच खडे होते, दमट होऊन एकमेकांना चिकटलेले.

डबा आता परत चुलीशेजारी असतो. रिबेका त्यात नवं मीठ भरते. तिच्या हाताने कधी कालवणात कमी पडतं, आणि ती विचारते, "दाजी, मीठ देऊ का?"

मी नको म्हणतो. तसंच खातो.